विसाराची घाई

घर विकायला काढले की त्या घरात सर्वांत आधी शिरते ती दलालाची नजर, आणि ती माणसांवर फारशी ठरत नाही. उंबरा ओलांडताच तो भिंतीवर टिचक्या मारून पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकतो, छताच्या कोपऱ्यात ओल धरून रंगाचे पोपडे सुटले आहेत काय ते पाहतो, खिडकी उघडल्यावर समोर काय दिसते यापेक्षा ती कोणत्या दिशेला उघडते याची चौकशी करतो, आणि मग हातातल्या फोनवर एकामागून एक छायाचित्रे टिपू लागतो. त्या छायाचित्रांत भिंतीवरची आजोबांची तसबीर येऊ नये म्हणून तो दोन पावले बाजूला सरकतो. घरातली माणसे हे सगळे पाहत एका कडेला उभी राहतात, कारण स्वतःच्याच घरात अशा वेळी कुठे उभे राहावे हे त्यांना नेमके उमगत नाही. खरेदीखत, म्हणजे मालकी एकाकडून दुसऱ्याकडे देणारा नोंदणीकृत दस्त, पुढे कित्येक महिन्यांनी होते. पण राहती जागा विकाऊ झाल्याची पहिली जाणीव घरच्यांना होते ती या दुपारी.

या नजरेत मुळात काही गैर नाही. घेणाऱ्याला भिंत हवी असते, भिंतीचा इतिहास नको असतो, आणि ती भिंत पारखून भाव सांगणारा कोणीतरी दोघांनाही लागतोच. पारखण्याची भाषासुद्धा त्याचीच असते. कारपेट म्हणजे बाहेरच्या भिंती वगळून प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्र, बिल्ट-अप म्हणजे त्यात भिंतींची जाडी आणि सज्जा मिळवून येणारे क्षेत्र, आणि सुपर बिल्ट-अप म्हणजे जिना, लिफ्ट, आवार अशा सामाईक जागेचा वाटा धरून फुगलेला आकडा. एकाच घराची ही तीन मापे असल्यामुळे घेणाऱ्याशी बोलताना घर मोठे होते, विकणाऱ्याशी बोलताना लहान होते, आणि दोन्ही वेळा बोलणारा माणूस खोटे बोललेला नसतो. ज्या बाईने तीस वर्षे त्या फरशीवर पोळपाट मांडला तिला आपले घर किती फुटांचे आहे हे बहुधा ठाऊक नसते. तिला एवढेच ठाऊक असते की गौरी-गणपतीला सतरा माणसांची पंगत त्याच खोलीत दोन फेऱ्यांत उठत असे. ज्ञानाच्या या दोन जातींची कधी गाठ पडत नाही, आणि दलालाचा अधिकार सुरू होतो तो इथून.

मध्यस्थाने भाव झाकून ठेवायचा ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली किंवा टॉवेलखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा ठरवण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. भोवती शंभर माणसे उभी असली तरी कोणत्या बैलजोडीला काय भाव बोलला गेला हे त्या कापडाखालच्या हातांखेरीज कोणाला कळत नसे. शेतमालाच्या नियंत्रित बाजारांत हा झाकलेला सौदा बंद करून उघड लिलाव आणला गेला, कारण कापडाखाली शेतकऱ्याचा हात नेहमी एकटा पडतो हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आले. घराचा सौदा मात्र आजही कापडाखालीच होतो. घेणारा किती द्यायला तयार आहे हे विकणाऱ्याला दलालाच्या तोंडून कळते, विकणारा कितीवर उतरेल हे घेणाऱ्याला दलालाच्याच तोंडून कळते, आणि शेवटच्या बैठकीपर्यंत या दोघांची एकमेकांशी गाठ पडू नये याची काळजी पुष्कळदा घेतली जाते.

मुंबईत या कापडाला आणखी एक पदर होता तो पागडीचा. पागडी म्हणजे भाडेकरूने सुरुवातीला घरमालकाला दिलेली ठोक रक्कम. तिच्या बदल्यात त्याला नाममात्र भाड्याने राहण्याचा आणि पुढे घरमालकाच्या संमतीने जागा दुसऱ्याला देण्याचा हक्क मिळे, व अशा हस्तांतरात आलेल्या पैशांतला एक हिस्सा, प्रथेने बहुधा तिसरा, घरमालकाकडे जाई. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने अशी रक्कम घेण्यास मनाई होती आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यता मिळाली. मधल्या अर्धशतकात गिरगाव, दादर, लालबाग, परळ या भागांतल्या हजारो खोल्या हातोहात फिरल्या, पण त्यांचे खरे भाव कागदावर कुठे उमटले नाहीत. ते दलालांच्या डोक्यात राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे पगार थांबले आणि बहुतेकांचे ते परत कधी सुरू झालेच नाहीत, तेव्हा कोणत्या चाळीतल्या कोणत्या बिऱ्हाडाला पैशांची नड आहे ही माहितीच मोलाची ठरली. दहा बाय बाराची खोली देऊन माणसे डोंबिवलीला, बदलापूरला, विरारला गेली, काही कोकणात परतली. त्यांना भाव कमी मिळाला की बरा मिळाला, हे ताडून पाहायला त्यांच्याजवळ साधन नव्हते; जे होते ते सांगणाऱ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणे, आणि तोही लवकर ठेवणे.

लवकर हा या सगळ्या व्यवहाराचा स्थायीभाव आहे, आणि त्याचे मूळ दलालाच्या स्वभावापेक्षा त्याच्या मेहनतान्याच्या रचनेत शोधले पाहिजे. १८७२ चा भारतीय करार कायदा सांगतो की वेगळा करार नसेल तर अभिकर्त्याचे, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याचे, मानधन ते काम पुरे झाल्यावरच देय होते. याचा अर्थ असा की दलालाने वीस गिऱ्हाइके घर दाखवायला आणली, उन्हातान्हात वीस वेळा जिने चढला आणि एकविसाव्या वेळी सौदा फिसकटला, तर त्याच्या हाती काहीच पडत नाही. उलट सौदा झाला तर एक किंवा दोन टक्के मिळतात, बहुधा दोन्ही बाजूंकडून. एक कोटीच्या घरावर दोन टक्क्यांनी दोन लाख होतात. विकणाऱ्याने तीन महिने धीर धरून पाच लाख जास्त मिळवले तर त्या पाच लाखांतून दलालाच्या वाट्याला दहा हजार येतात, आणि त्या दहा हजारांसाठी त्याला दोन लाख तीन महिने अडकवून ठेवावे लागतात. शिकागो परिसरातल्या घरविक्रीचा अभ्यास स्टीव्हन लेविट आणि चॅड सायव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात असे दिसले की दलाल स्वतःचे घर विकतात तेव्हा ते साधारण नऊ-दहा दिवस जास्त थांबतात आणि त्यांना साडेतीन टक्क्यांहून थोडा अधिक भाव मिळतो. थांबण्याची किंमत त्यांना उत्तम कळते. दुसऱ्याच्या घराच्या बाबतीत ती किंमत त्यांच्या खिशात पडत नाही, एवढेच.

म्हणून घाई समजून घेता येते. समजून घेता येत नाही ती घाईला आपुलकीचे रूप देण्याची तऱ्हा. दुसऱ्या भेटीत साहेब आणि मॅडम मागे पडतात आणि तो घरच्या वडीलधाऱ्यांना काका, मावशी म्हणू लागतो, तिसऱ्या भेटीत आई. गुडघेदुखीची चौकशी होते, लिफ्ट नसलेल्या इमारतीत या वयात किती दिवस राहणार अशी काळजी बोलून दाखवली जाते, मुलगा परदेशात आणि इथे रात्री-अपरात्री काही झाले तर कोण धावणार असा प्रश्न हळूच सोडून दिला जातो. मराठी घरात आलेल्या माणसाला चहा विचारला जातोच, आणि ज्याने चार वेळा आपल्या कपबशीतून चहा घेतला त्याला तोंडावर नाही म्हणणे मध्यमवर्गीय संस्कारात वाढलेल्या माणसाला अतिशय जड जाते. याला भीड म्हणतात. भीड म्हणजे भीती नव्हे. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःची इच्छा गिळण्याची ती सवय आहे, आणि भीड भिकेची बहीण ही म्हण ज्या समाजाने घडवली त्याला ती किती महागात पडते याचा पुरेपूर अनुभव असला पाहिजे. रेटून बोलणारा दलाल कधी आवाज चढवत नाही. त्याचा सगळा रेटा या भिडेवर टेकलेला असतो.

त्याचे पंचांगही निराळे असते. मार्च उजाडला की रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी शासन दरवर्षी ठरवते ते जागांचे मूल्यदर, १ एप्रिलला वाढणार म्हणून सौदा आत्ता उरकायचा असतो. भाद्रपदात पितृपक्ष लागण्याआधी विसार घ्यायचा असतो, कारण पितृपक्षात कोणी घराला हात लावत नाही. पक्ष सरला की दसऱ्याचा मुहूर्त चुकवायचा नसतो, दिवाळीनंतर पार्टीचा पैसा दुसरीकडे गुंतेल अशी धास्ती असते, आणि पावसाळ्यात भिंतींची ओल दिसण्याआधी घर दाखवून घ्यायचे असते. पार्टी म्हणजे घेणारा. दलालाच्या बोलण्यात तो नेहमी तयार असतो, जेन्युइन असतो आणि त्याने दुसरीही एक जागा बघून ठेवलेली असते. बारा महिन्यांत असा एकही महिना सापडत नाही ज्यात विकणाऱ्याने स्वस्थ बसून विचार करावा.

भाव उतरवण्याची पद्धत तर विलक्षण सावकाश आणि अभ्यासपूर्ण असते. पहिले गिऱ्हाईक येते ते अपेक्षेच्या बरेच खालचा आकडा बोलून जाते. दुसरे घर दक्षिणमुखी असल्याचे सांगून तोंड वाकडे करते. तिसरे काही बोलतच नाही आणि परत फोनही करत नाही. या तिघांतले खरे गिऱ्हाईक किती आणि केवळ आणून बसवलेले किती, हे विकणाऱ्याला कधी कळत नाही. मात्र तिसरी भेट संपेपर्यंत आपल्या घरात काहीतरी खोट आहे असे त्याला स्वतःलाच वाटू लागते, आणि मग चौथे गिऱ्हाईक मूळ भावापेक्षा दहा लाख कमी बोलले तरी तो सुटकेचा निःश्वास टाकतो. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट गेल्या वर्षी केवढ्याला गेला याचा एक आकडा याच सुमारास त्याच्या कानावर घातला जातो. हा आकडा पडताळता येतो. नोंदणी झालेल्या प्रत्येक दस्ताचा गोषवारा सूची क्रमांक २ मध्ये, ज्याला व्यवहारात इंडेक्स टू म्हणतात, उपलब्ध असतो. त्यात मालमत्तेचे वर्णन, दोन्ही पक्ष, मोबदल्याची रक्कम आणि भरलेले मुद्रांक शुल्क लिहिलेले असते, आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो कोणालाही शोधता येतो. उपरणे दूर सारण्याचा हा एक सरळ मार्ग आहे, पण सत्तरी ओलांडलेल्या विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो कोणी दाखवून दिलेला असतो.

घर एकाच्या नावावर असले तरी विकणारे पुष्कळदा अनेक असतात. वडील गेल्यानंतर आई, दोन मुलगे आणि एक मुलगी यांची नावे वारस म्हणून लागतात. मुलगी हक्कसोडपत्राने, म्हणजे आपला हिस्सा इतर वारसांच्या नावे सोडून देणाऱ्या दस्ताने, मोकळी होते किंवा होत नाही. एक मुलगा पुण्यात आणि दुसरा न्यू जर्सीत असतो. दलाल या प्रत्येकाशी वेगवेगळे बोलतो. पुण्यातल्याला तो म्हणतो की अमेरिकेतल्यांना पैशांची पर्वा नाही, अमेरिकेतल्याला म्हणतो की इथल्यांना निर्णय घेता येत नाही, आणि आईला म्हणतो की मुलांमध्ये वितुष्ट यायच्या आत विषय संपवून टाकू. परदेशातल्या मुलाकडून मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, मागवला जातो. तो तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर साक्षांकित व्हावा लागतो आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. भावंडांनी या घराबद्दल एकमेकांशी शेवटचे सविस्तर बोलणे केलेले नसते, तरी मुखत्यारपत्र मात्र कुरिअरने येऊन पोहोचते. विक्रीनंतर कित्येक घरांत जो अबोला येतो त्याचे कारण शोधायला गेले तर पैशांच्या वाटणीपेक्षा हे राहून गेलेले बोलणेच हाती लागते.

एका दुपारी विसारपावती समोर येते. विसार किंवा इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून घेणाऱ्याने आगाऊ दिलेली रक्कम. शहरात तिला आता टोकन म्हणतात. कागद बहुधा एकच असतो, मजकूर आधीच छापलेला, घराचा पत्ता, ठरलेला भाव आणि मुदत यांच्यासाठी जागा कोऱ्या, तळाशी महसुली तिकीट चिकटवलेले. रक्कम शुभ आकड्यांत असते, एक्कावन्न हजार किंवा एक लाख एक हजार, आणि तिचा धनादेश पावतीवर तिरका ठेवलेला असतो. दलाल पेनाचे टोपण काढून पेन पुढे धरतो. मुदतीच्या कोऱ्या जागेत पंचेचाळीस दिवस की नव्वद, सौदा मोडला तर विसार कोणाचा, ताबा कधी द्यायचा, दलाली कोणी किती द्यायची, यांतले काहीही त्या क्षणी वाचून होत नाही, कारण खोलीत चार माणसे सहीची वाट पाहत बसलेली असतात आणि पेढ्याचा पुडा उघडलेला असतो. भावातला काही भाग रोखीने द्यायचे ठरले आहे असेही मध्येच सांगितले जाते. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे, आणि दंड झाल्यास तो घेतलेल्या रकमेएवढा असतो व ती स्वीकारणाऱ्या हातालाच होतो, हे सांगायचे राहून जाते. घरातली कर्ती बाई पेढ्याच्या पुड्याकडे पाहत असते. तिला अजून देवघर कुठे न्यायचे ते ठरवायचे असते.

रेटून काम करणाऱ्या मध्यस्थाचा एक सल्ला मात्र कोणत्याही कारणाने मान्य करता येण्याजोगा नाही, आणि तो म्हणजे गळतीबद्दल बोलू नका हा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे मालमत्तेतला किंवा मालकीतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला सर्वसाधारण दक्षता घेऊनही कळण्यासारखा नाही, तो उघड करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते. दलाल रंगाचा एक हात मारून डाग झाकायला सांगतो, पण नंतरचा दावा दलालावर येत नाही, येतो तो विकणाऱ्यावर. शिवाय प्रश्न केवळ दाव्याचा नाही. ज्या घरात आयुष्यभर खरेपणाने राहिलो, त्यातले शेवटचे वाक्य खोटे असावे ही गोष्ट पुष्कळ वृद्ध माणसांना मनातून सहन होत नाही, आणि ती बोलून दाखवण्याइतका वेळही त्यांना दिला जात नाही.

हा वेळ कशासाठी हवा असतो, याचे एक उत्तर विधींच्या अंगाने मिळते. घरात प्रवेश करण्याचे संस्कार महाराष्ट्रात तपशीलवार आहेत: मुहूर्त काढला जातो, वास्तुशांत होते, वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीखाली पुरली जाते, आणि वास्तू तथास्तु म्हणत असते या समजुतीने त्या घरात अभद्र बोलायचे टाळले जाते. घर सोडून जाण्याचा मात्र सर्वांना ठाऊक असलेला असा विधी नाही. प्रतिमा तिथेच, फरशीखाली, नव्या मालकाच्या पायाखाली राहते. कुणी शेवटच्या संध्याकाळी रिकाम्या देवघराच्या जागी निरांजन लावते, कुणी उंबऱ्याला हळदकुंकू वाहते, कुणी तांदूळ ठेवून मागे न पाहता निघते. प्रत्येक कुटुंब आपापली रीत चाचपडत शोधून काढते. जिथे रीत आयती मिळत नाही तिथे ती घडायला दिवस लागतात, आणि पंचेचाळीस दिवसांच्या मुदतीत हे दिवस कुणी धरलेले नसतात.

माळा उतरवण्याचे कामही असेच आहे. माळ्यावर, म्हणजे न्हाणीघराच्या किंवा वाटेच्या वर सामान ठेवायला केलेल्या पोटछतावर, एका संसाराचे जितके काही साठते ते ट्रकमध्ये भरायला एक सकाळ पुरते, पण कोणते ठेवायचे हे ठरवायला एक सकाळ पुरत नाही. पितळेचे सोळा डबे, त्यांतल्या तीन डब्यांवर सासूचे नाव कोरलेले, लग्नातला पाट, मुलाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांचे पुडके, पानशेतच्या पुरात भिजून वाळवलेली, पाने फुगलेली एक पोथी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्याच्या पेठांतल्या अनेक कुटुंबांनी आपले वाडे एका दिवसात गमावले, आणि त्या पिढीतली माणसे घर सोडण्याबद्दल आजही ज्या हळुवारपणे बोलतात, त्यावरून सावकाश निघायला मिळणे ही केवढी मोठी सवलत आहे हे ध्यानात येते. पुराने जी सवलत दिली नाही ती एखाद्या मध्यस्थानेही देऊ नये, हे मात्र पटण्यासारखे नाही. भंगारवाल्याचा नंबरही दलालच देतो, तो त्याच दुपारी येतो आणि पितळ किलोवर मोजतो.

याच धंद्यात असे लोकही आहेत, आणि ते कमी नाहीत, जे पहिल्या भेटीत भाव सांगण्याआधी घर का विकायचे आहे असे विचारतात, उत्तर ऐकून एखाद्या वेळी विकू नका, भाड्याने द्या असे सांगून आपलीच दलाली बुडवतात, सूची क्रमांक २ च्या प्रती स्वतः काढून आणतात आणि विसारपावती आदल्या रात्री वाचायला देऊन जातात. चांगल्या मध्यस्थाचे मोल मोठे आहे. गृहनिर्माण संस्थेचे ना-हरकत पत्र, भाग दाखला, म्हणजे संस्थेतल्या सभासदत्वाचा पुरावा, बँकेकडे गहाण पडलेले मूळ कागद, या सगळ्यांतून वाट काढायला असा माणूस लागतोच. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली आणि २०२३ मध्ये महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाने, त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आणली, ही पावले योग्यच आहेत. पण ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीला लागू होते, आणि पन्नास वर्षांच्या जुन्या इमारतीतले घर एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा ती बहुधा त्या दारापर्यंत पोहोचत नाही. तिथे करार कायद्याचे जुने कलमच कामी येते: अभिकर्त्याने मालकाला न कळवता स्वतःच खरेदीदार होऊन व्यवहार केला आणि त्यात काही महत्त्वाचे दडवले असेल किंवा तो मालकाच्या तोट्याचा असेल, तर मालकाला तो नाकारता येतो. भाच्याच्या नावाने स्वस्तात घर घेऊन ते सहा महिन्यांत चढ्या भावाने विकणाऱ्या मध्यस्थाविरुद्ध एवढे हत्यार दीडशे वर्षांपासून विकणाऱ्याच्या हातात आहे.

शेवटी सगळे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जमतात. तिथे गर्दी असते, टोकन क्रमांक पुकारले जातात, फाइल दलालाच्या काखेत असते आणि इथे सही, इथे अंगठा असे तो बोट ठेवून दाखवत असतो. विकणाऱ्याला एका लहान कॅमेऱ्यासमोर बसवून त्याचे छायाचित्र घेतले जाते, यंत्रावर अंगठा टेकवला जातो आणि हा दस्त तुम्ही लिहून दिला हे कबूल आहे ना, असे अधिकारी विचारतो. कायद्याने घातलेला हा प्रश्न औपचारिक वाटतो, पण संपूर्ण व्यवहारात विकणाऱ्याला त्याच्या इच्छेबद्दल थेट विचारले गेल्याची अनेकदा ही पहिली वेळ असते. उत्तर बहुधा दलालच देतो, आणि म्हातारा माणूस मान हलवतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याने सही झाल्यापासून दस्त सादर करायला चार महिने दिलेले आहेत. घाई कायद्याला नसते.

ज्यांचे आईवडील किंवा एकटी राहणारी आत्या, मावशी घर विकायला निघाली आहेत, त्यांना एवढीच विनंती की पैशांचा हिशोब मागण्याआधी त्यांनी चार दिवस त्या घरात जाऊन राहावे. दलालाचा फोन दुपारी येतो, घरात दुसरे कोणी नसते तेव्हा येतो. त्या वेळी तो फोन उचलायला आपल्यापैकी कोणीतरी तिथे असावे, विसारपावती एक रात्र घरात राहावी, आणि सही करणाऱ्या हाताला ज्या दिवशी सही करावीशी वाटेल त्याच दिवशी ती व्हावी.